अडीच घटकांचा डोंगर

कर्जत आणि खालापूर या बाजूला पदार्थविज्ञानाचा प्रसार कसा झाला, याची हकिकत मी लिहून द्यावी, अशी एका मासिकाच्या संपादकांची मागणी आली आहे. खरं उत्तर एका शब्दात देता येईल: झाला नाही. पण एका शब्दासाठी मासिकवाले पान सोडत नाहीत, आणि मलाही हल्ली दुसरा उद्योग नाही. उभं आयुष्य मी पेट्या भरभरून यंत्रं घेऊन या गावांतून हिंडलो. व्याख्यानं दिली, सोप्या भाषेत पुस्तकं लिहिली, ती फुकट वाटली. लोकांनी ती फार आदरानं घेतली आणि उघडूनही न पाहता देव्हाऱ्यात ठेवली. दसऱ्याला माझ्या पुस्तकावर झेंडूचं फूल वाहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

आमचं घर गावच्या जोशांचं. कोंडाण्याच्या लेण्यांच्या अलीकडे, डोंगराच्या अगदी पायथ्याशी गाव. पंचांग सांगणं, पेरणीचा दिवस काढून देणं, आसपासच्या पाच-सात गावांतली लग्नं लावणं, हे आमच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. वडील गेल्यावर ते काम काकांकडे गेलं. मी तेवढ्यात इंग्रजी शिकायला म्हणून मुंबईस गेलो आणि पदार्थविज्ञानाच्या नादी लागलो. काका सगळ्यांना सांगत, 'ग्रहांची विद्या घरात असून पोरगा दगडधोंड्यांच्या विद्येमागे लागला.'

तिकडे एका कॉलेजात मला साहेब प्रोफेसराचा मदतनीस म्हणून नोकरी लागली. साहेब बोले आणि मी यंत्राचा दांडा फिरवी. दहा वर्षं इमानेइतबारे दांडा फिरवल्यावर मला बढती मिळाली, म्हणजे आणखी एका यंत्राचा दांडा मिळाला. एकदा साहेब म्हणाला, 'हे शास्त्र तुमच्या भाषेत मांडणं शक्य नाही.' मला राग आला. रागाच्या भरात मी दोन वर्षांत पुस्तक लिहून काढलं. त्यावर पुण्याच्या एका विद्वानांनी अभिप्राय दिला की, विषय पहिल्याच वाचनात समजतो, त्या अर्थी ग्रंथ उथळ असावा. साहेबाला मराठी येत नव्हतं आणि विद्वानांना शास्त्र येत नव्हतं, तेव्हा माझी चूक काढायला दोघांत कोणीच उरलं नाही.

मग मी दर शनिवारी गाडीनं कर्जतला येऊन व्याख्यानं देऊ लागलो. जागा म्हणजे एका लाकडाच्या व्यापाऱ्याची वखार. हे शेठ मूळचे किनारपट्टीकडचे मुसलमान. मोठा दिलदार माणूस. प्रत्येक व्याख्यानाला पहिल्या ओंडक्यावर बसत. एकदा आषाढात मी काचेची तबकडी फिरवून ठिणगी पाडण्याचं यंत्र आणलं. तासभर फिरवलं, हात गळून गेले, ठिणगी काही पडेना. मी लोकांना समजावून सांगू लागलो की हवा दमट असली म्हणजे वीज यंत्रावर टिकत नाही, गळून जाते. त्याच वेळी बाहेर मुसळधार पावसात अशी कडाडली की वखारीची कौलं हादरली. शेठ म्हणाले, 'मास्तर, त्या वरच्याला कुनी सांगितलं नाय वाटतं, हवा दमट हाय म्हून!' लोक हसून हसून लोळले. मीही हसलो, पण रात्रभर मला झोप आली नाही, कारण उत्तर मला सुचलं होतं आणि ते सुचलं तेव्हा लोक घरी गेले होते.

वाफेवर बोललो तेव्हा समोर घाट चढवणाऱ्या इंजिनांवर कोळसा मारणारे दोघे बसले होते. शेवटी त्यांनी मला बाजूला घेऊन, चारचौघांत नको म्हणून, माझ्या दोन चुका सांगितल्या. असा आमचा प्रसार चालला होता.

या सगळ्या खटाटोपात मन लावून समजून घेणारा एकच श्रोता मला मिळाला, आणि तो माझ्याच घरात होता. माझी धाकटी बहीण. माझ्याहून चार वर्षांनी लहान. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि आठ महिन्यांत तिचा नवरा, पंधरा वर्षांचा पोर, पटकीच्या साथीत गेला. त्या साथीत त्याच्या एका गावातून तीस माणसं गेली. बाकीची कशानं गेली असं कोणी विचारलं नाही. तो मात्र कशानं गेला याची चौकशी झाली. पत्रिका जुळलेली होती. मुहूर्त अचूक होता, कारण लग्न काकांनी लावलं होतं, सूर्य आपल्या डोळ्यांनी पाहून त्यांनी वेळ मोजायचं घटिकापात्र सोडलं होतं, आणि काकांची घटका चुकत नाही हे साऱ्या तालुक्याला ठाऊक. पत्रिका बरोबर, मुहूर्त बरोबर, मग दोष कोणाकडे राहिला? नऊ वर्षांच्या मुलीकडे. अशी बिनचूक वजाबाकी होऊन ती पांढऱ्या पायाची ठरली, डोकं भादरून, तांबडं अलवण नेसून माहेरी परत आली.

मी तेव्हा तेरा वर्षांचा. मला ती वजाबाकी पटली होती, हेही लिहून टाकतो.

पुढे माझी बायको तापानं गेली तेव्हा आमची मुलगी दीड वर्षाची. मी आठवडाभर मुंबईला, तेव्हा पोरीला तिच्या आत्यानंच वाढवलं. पोर पाटीवर अक्षरं गिरवू लागली तशी आत्याही गिरवू लागली, आणि पोरीच्या आधी वाचायला शिकली. मग तिनं माझी पुस्तकं देव्हाऱ्यातून काढली. नुसती वाचली नाहीत. पुढच्या पुस्तकांचे कागद मी छापायला देण्याआधी तिच्या हाताखालून जाऊ लागले. 'दादा, हे वाक्य तुला तरी कळलंय का रे?' असं ती विचारी. बहुधा कळलेलं नसे.

मुलींची लग्नं सोळाव्या वर्षाआधी करू नयेत असं मी व्याख्यानात सांगत असे. घरच्या मुलीला तेरावं लागलं तेव्हा काकांनी अन्न सोडलं, आणि खालापूरचं एक चांगलं ठिकाण आलं म्हणून मी होकार दिला. बारा पुरी होईपर्यंत थांबलो एवढ्यावर मुंबईत मला सुधारक म्हणत. खरं म्हणजे मी कर्जत स्टेशनपर्यंतच सुधारक होतो. गावची वेस ओलांडली की मी जोशांच्या घरातला मुलगा होत असे.

लग्नाच्या आठ दिवस आधी विहीणबाईंचा निरोप आला. मुलगा एकुलता एक आहे, मंडपात अशुभ काही नको, तेवढं बघावं. अशुभ म्हणजे कोण, हे त्यांनी लिहिलं नव्हतं आणि लिहायची गरज नव्हती. मी दोन दिवस तो निरोप खिशात घेऊन हिंडलो. शेवटी बहीण अक्षतांचे तांदूळ निवडत बसली होती तिथं जाऊन, रीत आहे, लोकांची मनं मोडू नयेत, असं काहीबाही बडबडलो.

तिनं मान वर केली नाही. 'परसदारातून दिसेल का?' एवढंच विचारलं.

परसदारातून काय दिसतं हे मी पाहून आलो होतो. 'मंडपाचा एक खांब दिसतो,' मी म्हणालो.

'बरं. खांब बघीन.'

अकरा वर्षं जिला न्हाऊमाखू घातलं, जिच्या गोवरात रात्री जागवल्या, तिच्या लग्नात अंतरपाट बाजूला होताना पोरीचं तोंड कसं दिसतं, एवढंच तिला पाहायचं होतं. दागिना नको, मान नको. आणि विश्वाचे नियम समजावून सांगणारा मी, तिला खांब दाखवून मोकळा झालो.

आता घटिकापात्राविषयी थोडं सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथं आहे. तांब्याची पातळ वाटी, तिच्या बुडाला सुईच्या अग्राएवढं भोक. लग्नाच्या दिवशी सूर्याचं बिंब अर्धं वर आलेलं दिसलं की जोशी ती वाटी पाण्यानं भरलेल्या घंगाळात सोडतो. भोकातून पाणी आत येत येत चोवीस मिनिटांत वाटी भरते आणि बुडते. झाली एक घटका. ती काढून पुन्हा सोडायची. पंचांगात मुहूर्त दिलेला असतो तो सूर्योदयापासून इतक्या घटका असा. आमच्या पोरीचा मुहूर्त सूर्योदयानंतर सात घटकांचा होता. वाटी सातव्यांदा बुडाली की अक्षता पडायच्या.

वऱ्हाड आदल्या दिवशी येऊन उतरलं होतं. जानवसा दिला होता नदीपलीकडच्या आंबराईत, गावापासून पश्चिमेला कोसभर. वैशाखातली नदी म्हणजे गोट्यांची वाट. लग्नाच्या दिवशी पहाटे मी मंडळींची विचारपूस करायला तट्टावर बसून तिकडे गेलो. खालापूरचे भटजी घंगाळ भरून तयार बसले होते. त्यांनाही आपली घटका वेगळी मोजायची होती, कारण डोंगराकडच्या जोशांवर खालापूरकरांचा विश्वास नाही. पूर्वेच्या डोंगरावर बिंब अर्धं दिसताच त्यांनी मंत्र म्हणून वाटी सोडली. मी नमस्कार करून परत फिरलो. उशीर झाला होता म्हणून तट्टाला दौडवलं.

नदी ओलांडली आणि सूर्य मावळला.

मी तट्टू थांबवलं. मागे आंबराईवर ऊन पडलेलं, पुढे आमचं गाव सावलीत. समोर ढाकपासून राजमाचीपर्यंत डोंगराची भिंत, आणि सूर्य तिच्याआड. मी भिंतीच्या जवळ येत गेलो तसा तो खाली जात गेला. घरी पोहोचलो तेव्हा काका अंगणात वाटी हातात धरून, मान वर करून, डोंगराकडे डोळे लावून उभे. बऱ्याच वेळानं ते ओरडले, 'आला, आला!' आणि त्यांनी वाटी सोडली. एका सकाळी मी दोन सूर्योदय पाहिले, आणि ते पाहणारा मी गावातला पहिलाच असेन, कारण कामाशिवाय पहाटे दौडत कोण जातं.

तिथंच अंगणात उभ्या उभ्या मी डोंगराची उंची आणि अंतर मनाशी घेऊन हिशेब केला. पंचांगातला सूर्योदय हा सपाट क्षितिजावरचा. आंबराईत तो दीड घटका उशिरा दिसतो. आमच्या अंगणात अडीच घटका. म्हणजे आमच्या घराण्यानं लावलेलं प्रत्येक लग्न अडीच घटका चुकलं होतं. पंजोबांनी लावलेलं, आजोबांनी लावलेलं, सगळी. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. मुलीचं लग्न आहे हे मी क्षणभर विसरलो. यावर एक सुंदर लेख होईल, असं मनात आलं आणि मी तो हिशेब लेखासाठी राखून ठेवायचं ठरवलं. कोणाला बोललो नाही.

यथावकाश वऱ्हाड वाजतगाजत आलं. पुढे नवरदेव, आणि त्याच्यापेक्षा जास्त जपून आणलेलं घंगाळ. दोन गडी ते काठीला टांगून हळूहळू चालत होते, त्यात वाटी तरंगत होती, आणि भटजी काठीबरोबर पाय टाकत वाटीवरची नजर न काढता चालले होते. नदीच्या मधोमध वाटी बुडाली तेव्हा सगळं वऱ्हाड, वाजंत्र्यांसकट, गोट्यांवर थांबलं, भटजींनी ती पुन्हा सोडली आणि मग सगळे निघाले, असं मागून कळलं.

मंडपात शिरल्याबरोबर त्यांची वाटी बुडाली आणि भटजी गरजले, 'सात! अंतरपाट धरा!'

'सात कुठले?' काका म्हणाले. 'आत्ता सहावी बुडाली. एक घटका अवकाश आहे.'

'तुमच्या वाटीचं भोक बुजलंय.'

'तुमच्या वाटीत वाटेनं पाणी उडालंय. घंगाळ का काठीला टांगून आणतात? मासे आणलेत का?'

बघता बघता दोन्हीकडचे लोक उठले. कोणी म्हणालं, दोन्ही वाट्या एकाच घंगाळात सोडा, कोणती खरी ते कळेल. सूचना अगदी शास्त्रीय होती. पण कळायला एक घटका लागणार आणि तोवर एकाचा ना एकाचा मुहूर्त जाणार, हे ध्यानात आल्यावर ती बारगळली. मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. 'मास्तर, तुमी शिकलेले,' गावचे पाटील म्हणाले, 'कुनाची खरी, तुमीच सांगा.'

मी वधूपिता होतो. शहाण्या माणसानं दोघांपैकी एकाचं ऐकून अंतरपाट धरायला लावला असता. पण तीनशे माणसं तोंडाकडे बघत गप्प बसलेली मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. मी उपरणं सावरलं आणि बोलायला लागलो. पृथ्वी कशी फिरते, क्षितिज म्हणजे काय, डोंगर सूर्याला कसा झाकतो, सकाळी मी काय पाहिलं. काठी आणि नारळ घेऊन दाखवलं. कोणी खोकलं नाही. बोलता बोलता शेवटावर आलो: वाट्या दोन्ही चांगल्या आहेत. चूक डोंगराची आहे. दीड घटका यांची, अडीच घटका आमची. खरी सातवी घटका कधीच होऊन गेली. वऱ्हाड नदीत होतं तेव्हाच मुहूर्त टळला.

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय केलं ते. वाजंत्रीवाल्यांनी सनया खाली ठेवल्या.

पाटलांनी हळूच विचारलं, 'म्हंजी मास्तर, माजं लगीन पन चुकलं?'

'तुम्ही या गावचे. अडीच घटका.'

'आन् माज्या बापाचं?'

'तेही.'

पाटलांनी थोडा विचार केला, मग आपल्या बायकोकडे वळून म्हणाले, 'तरीच!'

त्यासरशी बांध फुटला. कोणाचा बैल गेला होता, कोणाला सात मुलीच झाल्या होत्या, कोणाची बायको माहेरून परत येत नव्हती, कोणाचा जावई दारू पीत होता. सगळ्याला आता कारण सापडलं. 'मी म्हनत व्हते गं, माजं काय चुकलं, माजं काय चुकलं!' असं एक म्हातारी कपाळावर हात मारून सांगत होती, आणि तिचा नवरा, 'मग माजंबी काय चुकलं?' असं तिला विचारत होता. पृथ्वी फिरते हे कोणी ऐकलं नव्हतं. ऐकलं ते एवढंच, की मुहूर्त चुकले. काका मात्र घंगाळाजवळ मटकन बसले होते. ऐंशीच्या घरातला माणूस. तीस-पस्तीस वर्षं ज्या वाटीवर मान ताठ ठेवली ती हातात धरून तिच्या बुडाकडे बघत होता.

तेवढ्यात माजघराच्या दारातून आवाज आला. 'काका!'

बहीण परसदार सोडून माजघरात आली होती. उंबरठ्याच्या आतच उभी, अलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. विहीणबाईंनी तोंड फिरवलं.

'काका,' ती म्हणाली, 'माझ्या लग्नात वाटी कोणी सोडली होती?'

'मीच, बाळ.'

'याच अंगणात?'

'याच.'

'सूर्य याच डोंगरावर बघून?'

काकांनी डोंगराकडे पाहिलं.

'मग माझाही मुहूर्त चुकला होता का? सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा.'

मुहूर्तावर काकांची श्रद्धा माझ्या पृथ्वीवरच्या श्रद्धेपेक्षा शंभर पट जास्त. त्यांच्या लेखी ते एका पोराच्या मरणाची जबाबदारी आपल्या डोक्यावर घेत होते. माझ्याच्यानं ते बघवेना. पण म्हातारा उठून उभा राहिला आणि मंडपाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, 'अडीच घटका चुकला. माझ्या हातून चुकला. तुझा काही दोष नव्हता, पोरी.'

ज्या म्हातारीनं मघाशी कपाळावर हात मारला होता तीच पहिल्यांदा बोलली. 'आगं मंग हिला कशापायी बाहेर ठिवलीव? वाटीचा दोस, हिला काय म्हून?' बायकांत कुजबुज झाली. विहीणबाई म्हणजे वाईट बाई नव्हती. तिला वजाबाकी शिकवलेली होती, आणि आता आकडे बदलले होते. शेवटी त्या म्हणाल्या, 'दोष वाटीचा असेल तर बाईंनी आत का उभं राहावं? या, बाहेर या.'

लग्नाचं काय करायचं हा प्रश्न होताच. काका आणि खालापूरचे भटजी आता एक झाले होते, कारण दोघांचीही चूक निघाली होती. त्यांनी पंचांग उलटंपालटं करून गोरज मुहूर्त काढला. गाई परत येतात तेव्हा, सूर्य बुडताना. वाटी नको, घंगाळ नको. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी पश्चिमेकडे पाहिलं. तिकडे माथेरानचा डोंगर उभा. सूर्य तिकडेही वेळेआधीच बुडतो. मी बोट वर करून तोंड उघडलं. समोर बहीण उभी होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं आणि वर केलेल्या बोटानं कान खाजवला.

संध्याकाळी माथेरानावर सूर्य टेकला आणि अंतरपाट बाजूला झाला. बहीण मंडपाच्या खांबाला धरून उभी होती. अक्षता तिच्या मुठीतच राहिल्या, टाकायचं तिला भान राहिलं नाही. मी नवरानवरीकडे पाहिलंच नाही, तिच्याकडेच पाहत राहिलो, आणि मला आनंद होण्याऐवजी लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड निघायच्या गडबडीत होतं. बहीण पडवीत उरलेल्या पत्रावळी लावून ठेवत होती. मला राहवेना. तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, 'काल काका म्हणाले ते मनाला लावून घेऊ नकोस. मुहूर्तानं कोणी मरत नाही. तो पटकीनं गेला. खरी घटका साधली असती तरी गेलाच असता.'

'ठाऊक आहे मला,' ती म्हणाली. 'तुझंच तर वाचते.'

'मग काल तू...'

'तुला अडीच घटका सापडल्या होत्या. म्हटलं, कोणाच्या तरी उपयोगी पडू देत.' तिनं पत्रावळींचा गठ्ठा बांधला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, 'दादा, तू विजेवर बोललास. वाफेवर बोललास. चंद्रावर डोंगर आहेत म्हणून दोन-दोन तास बोललास. अठ्ठावीस वर्षांत एकदा तरी उभा राहून म्हणालास का रे, की माझ्या बहिणीनं नवरा खाल्लेला नाही?'

नव्हतो म्हणालो. वखारीत नाही, गावात नाही, घरात जेवताना नाही. लोक हसतील म्हणून नव्हे, लोक गप्प बसतील म्हणून. ती गठ्ठा उचलून आत गेली.

थोड्या वेळानं गाड्या जुंपल्या. पोरगी गाडीत बसली, बायका भोवती जमल्या, पाटील, काका, खालापूरचे भटजी, सगळे होते. विहीणबाई गाडीत चढता चढता थांबल्या आणि मला म्हणाल्या, 'मास्तर, एक विचारते. रात्रभर मनात घोळतंय. तुम्ही शास्त्र शिकलेले. काका आपले मायेनं बोलले, की खरंच मुहूर्त चुकला म्हणूनच या बाईंच्या कपाळी ते आलं? तसं असेल तर पोरीच्या पहिल्या सणाला यांनाही आमच्याकडे आणावं म्हणते. पण तुम्ही सांगाल ते खरं.'

खरं काय ते मला पाठ होतं. शुभ-अशुभ वेळेचा माणसाच्या जगण्यामरण्याशी संबंध नाही, हे माझ्या तिसऱ्या पुस्तकातलं अख्खं प्रकरण. ते मी तिथं म्हणायला हवं होतं, आणि म्हटलं असतं तर वाटी निर्दोष ठरली असती, आणि मग त्या सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून वजाबाकी मांडली असती.

'अडीच घटका चुकला होता,' मी म्हणालो. 'त्यानंच झालं ते. शास्त्र हेच सांगतं.'

विहीणबाईंनी मान डोलावली. पाटलांनी डोलावली. काकांनी डोळे पुसले. शास्त्राच्या नावानं मी जन्मात एवढी एकच थाप मारली, आणि या मुलखात माझं तेवढं एकच बोलणं कोणी शंका न काढता मानलं. बहीण तेव्हा माझ्या शेजारी, सगळ्या बायकांच्या पुढे उभी होती, आणि पोरगी गाडीतून तिचा हात सोडत नव्हती.